चहाचा वास

माझ्या लेखी चहाचे दोनच प्रकार : गरम आणि गार. पण परवा भाच्याने सुट्या पानांच्या चार पुड्या आणून दिल्या आणि माझ्यातला रसिक खडबडून जागा झाला. चमचाभर पाने, कढत पाणी, वर झाकण, घड्याळ लावून ३ मिनिटे, दूध-साखर वर्ज्य!

पहिला दार्जिलिंगचा, मे-जूनच्या खुडणीचा. त्यात पिकल्या द्राक्षांचा भास होता. दुसरा अर्ल ग्रे. त्याला बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीतल्या तेलाचा वास देतात. तिसरा चिनी. त्याच्या पानांत रात्री उमलत्या मोगऱ्याच्या कळ्या मिसळतात आणि सुगंध मुरला की फुले काढून टाकतात. चौथाही चिनीच, पाइनच्या धुरावर वाळवलेला. नाकाशी नेताच मला आजोळची चूल आठवली!

मी एकेकाची तोंडभर तारीफ करीत होतो. ही मुकाट्याने कप विसळीत होती. अखेर म्हणाली, "आणि माझ्या चहाला कसला वास येतो हो?"

मी गडबडलो. ३० वर्षे तो चहा पीत आलो. पण वर्तमानपत्रातून डोके वर न काढता!

"चहासारखाच," मी म्हणालो. ती हसली, पण ते हसणे काही खरे नव्हते.

दुसऱ्या सकाळी वर्तमानपत्र बाजूला ठेवले, डोळे मिटले आणि कप नाकाशी नेला.

"आले," मी ऐटीत म्हणालो, "आणि कुंडीतला गवती चहा!"

"आलं कालच संपलं," ती म्हणाली. मग माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतीत म्हणाली, "पण गवती चहा ओळखलात हो!"