ज्याच्या हातात जाणार

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घ्यायला एखादं नवखं गिऱ्हाईक गेलं, की ते आधी किंमत विचारतं. कारागीर मात्र किमतीचं उत्तर लगेच देत नाही. तो उलट विचारतो, "गाणार कोण? बाईचा गळा की पुरुषाचा? सूर कोणता?" बाईच्या गळ्याचा तंबोरा लहान, पुरुषी गळ्याचा मोठा. भोपळा तसा निवडावा लागतो, दांडी तशी घ्यावी लागते. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे, काम करणारे बहुतेक आपल्याच समाजातले आणि हा धंदा दीडशे वर्षांहून जुना. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मला या गल्लीचं कौतुक वाटतं ते त्या पहिल्या प्रश्नासाठी. वस्तू ज्याच्या हातात जाणार, त्याची चौकशी आधी आणि पैशाची नंतर.

आजच्या मोबाइलच्या दुकानात हा प्रश्न कुणी विचारत नाही. "टॅब पाहिजे" म्हटलं की काउंटरपलीकडचा पोरगा विचारतो, "बजेट किती?" मग पंधरा हजारांचा, पंचवीस हजारांचा, असे डबे समोर मांडले जातात. कुणासाठी घेताय, त्यांचा फोन कोणता, त्यांना शिकवायला घरात कोण आहे, यातलं काही निघत नाही. आणि भेटवस्तूच्या बाबतीत सगळी मेख तिथेच असते.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या ईदीचं रूप बदललं आहे. पूर्वी ईदीला कोऱ्या नोटा, चुडीदारचं कापड, फार तर जानमाज किंवा मनगटी घड्याळ. घड्याळ सगळ्यांना चालतं. डावा हात की उजवा, एवढाच काय तो प्रश्न. टॅबचं तसं नाही. टॅब एकटा येत नाही. तो ज्या घराण्याचा असेल, त्या घराण्याचे रीतिरिवाज बरोबर घेऊन येतो. एक घराणं अँड्रॉइडचं, दुसरं अ‍ॅपलचं. फोन आणि टॅब एकाच घराण्यातले असले तर पहिल्याच दिवशी सोयरीक जमते. नवा टॅब सुरू करताना फोनवरचंच खातं टाकलं, की ओळखीची नावं, फोटो, विकत घेतलेली अ‍ॅप्स आपोआप हजर होतात. घराणी वेगळी असली तरी संसार होतो, नाही असं नाही. गुगलवरचे फोटो आयपॅडवरही उघडतात. पण एका बाजूला पैसे देऊन घेतलेलं अ‍ॅप दुसऱ्या बाजूला पुन्हा विकत घ्यावं लागतं, आणि मुख्य म्हणजे बोटांना सगळं नव्याने शिकावं लागतं.

हे सगळं मला कळलं ते अम्मीच्या टॅबमुळे. 2025 च्या रमजान ईदला, म्हणजे 31 मार्चला, आम्ही तिघा भावंडांनी मिळून अम्मीला टॅब द्यायचं ठरवलं. तिचं वय चौऱ्याहत्तर. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. फोनवर तरजुमा वाचायचा म्हणजे चश्म्यावर भिंग धरावं लागे. मोठा पडदा हवा, यावर आमचं एकमत होतं. वाद होता तो कोणत्या घराण्याचा, यावर.

धाकटा भाऊ मुन्ना दुबईत असतो. त्याचा फोन आयफोन. त्याचं म्हणणं, घ्यायचा तर आयपॅड. "आपा, अम्मीकू हलकी चीज कायकू देना?" हा त्याचा सवाल. त्याची बाजू पोकळ नव्हती. आयपॅड वर्षानुवर्षं टिकतो, त्याला नवी दुरुस्ती बराच काळ मिळत राहते, स्वस्तातले अँड्रॉइड टॅब दोन-तीन वर्षांत रखडायला लागतात. साध्या आयपॅडची किंमत तेव्हा 34,900 रुपये होती आणि ती सगळी तो एकटा द्यायला तयार होता. परदेशात राहणाऱ्या मुलाला आईसाठी सगळ्यात चांगलं ते द्यावंसं वाटतं, यात वावगं काय? जवळ राहून पाय दाबता येत नाहीत, दवाखान्यात नेता येत नाही. मग ते सारं एका डब्यात भरून पाठवावंसं वाटतं.

पुण्याच्या बहिणीने अडचण काढली. अम्मीचा फोन अँड्रॉइडचा आहे, तिला दोन्ही कसं जमणार? त्यावर मुन्नाने तोडगा सुचवला. त्याचा जुना आयफोन तो अम्मीसाठी पाठवणार, म्हणजे फोन आणि टॅब एकाच घरचे होतील. ऐकायला हे फार सोयीचं वाटलं. पण मला ते असं वाटलं, की शिवलेला अंगरखा माणसाला बसत नाही म्हणून माणसालाच कापायला घेतलं.

मी अम्मीच्या शेजारच्याच गल्लीत राहते. तिची बोटं फोनवर कशी चालतात, ते मी रोज पाहते. तिच्या फोनच्या तळाशी तीन खुणा आहेत. त्यातली एक मागे जाण्याची. अम्मी तिला "पिच्छे का तीर" म्हणते. तिचा सगळा कारभार त्या तीरावर चालतो. चुकून काही उघडलं, जाहिरात आली, भलतंच चित्र दिसलं, की ती घाबरत नाही. तीर दाबते, पुन्हा दाबते आणि घरी येते. आयपॅडवर असा कायमचा तीर नाही. तिथे बोट सरकवून बाहेर पडायचं, कुठे वरच्या कोपऱ्यात खूण शोधायची. शिकणाऱ्याला ते अवघड नाही. पण अम्मीचा हात थरथरतो. थरथरत्या बोटाला दाबणं जमतं, सरकवणं जमत नाही. ही गोष्ट दुकानातल्या कुठल्याही तक्त्यात लिहिलेली नसते.

दुसरी गोष्ट बोलण्याची. इचलकरंजीची खाला, सोलापूरची मामेबहीण, सगळ्यांशी अम्मीचं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर. त्या ईदेपर्यंत आयपॅडसाठी व्हॉट्सअ‍ॅपचं स्वतंत्र अ‍ॅपच नव्हतं. ब्राउझरमधून संदेश वाचता येत, कॉल करता येत नसे. अँड्रॉइडच्या टॅबवर मात्र 2023 पासून फोनला जोडून ते चालत होतं. मे 2025 मध्ये आयपॅडसाठीही ते अ‍ॅप आलं, तेव्हा हा मुद्दा आता उरला नाही. अ‍ॅपलवाल्यांचा आपला फेसटाइम आहे, पण अँड्रॉइडवाल्याला त्यावर कॉल सुरू करता येत नाही. दुसऱ्याने दुवा पाठवला तरच ब्राउझरमधून त्यात शिरता येतं. शिवाय आमच्या गोतावळ्यात आयफोन एकट्या मुन्नाकडे, आणि दुबईत फेसटाइम काय, व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल काय, वर्षानुवर्षं अडवलेले. तो बिचारा बोटिमवरून बोलायचा. म्हणजे ज्याच्या फोनला जुळावं म्हणून आयपॅड घ्यायचा, त्याच्याशी बोलण्याचा मार्गही वेगळाच.

तिसरी गोष्ट अम्मीने स्वतःच काढली. टॅबची कुणकुण तिला लागली होती. एके दिवशी इफ्तारनंतर तिने विचारलं, "मेरा फोन लेके जानेवाले क्या तुम लोगां?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "उसमें तुम्हारे अब्बा की आवाज है."

अब्बा 2021 मध्ये गेले. त्याआधीच्या महिन्यांत ते बाजारातून, मशिदीच्या ओट्यावरून अम्मीला आवाजी संदेश पाठवत. मेथी घेऊ का, दूध आलं का, जनाजा आहे, उशीर होईल. अकरा संदेश आहेत. त्यात प्रेमाचा एक शब्द नाही आणि सगळं तेच आहे. त्यांची एक प्रत मी माझ्या संगणकावर ठेवली आहे. पण अम्मीच्या लेखी ते त्या फोनमध्ये राहतात, त्या हिरव्या खुणेमागे. अँड्रॉइडवरचे व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश आयफोनवर नेता येतात, 2022 पासून तशी सोय झाली आहे. पण गुगलवर साठवलेली जुनी प्रत आयफोनला उघडत नाही. दोन्ही फोन समोरासमोर ठेवूनच ते काम करावं लागतं. टॅबवर व्हॉट्सअ‍ॅप जोडलं तरी सगळे जुने संदेश त्यात येतीलच असं नाही. शिवाय चौदा दिवसांहून जास्त फोन उघडलाच नाही तर जोडलेला टॅब आपोआप सुटतो. म्हणजे टॅब कितीही मोठा असला तरी फोन हाच मूळ, टॅब त्याची फांदी. मूळ उपटून फांदी लावायची नसते, एवढं शेतकऱ्याच्या घरातल्या लेकराला सांगावं लागत नाही.

मुन्नाला हे सगळं सांगितलं, तेव्हा मला एक उदाहरण द्यावं लागलं आणि ते त्याला लगेच पटलं. अम्मी-अब्बा हजहून आले तेव्हा त्यांनी मदिन्याच्या किंग फहद छापखान्यातलं कुरआन शरीफ आणलं होतं. आयती त्याच, शब्द तेच. पण अरबांच्या वळणाच्या छपाईत खुणा थोड्या वेगळ्या असतात, आणि लहानपणी मकतबात आपल्याकडच्या वळणाचं कुरआन शिकलेल्या माणसाची नजर तिथे अडखळते. अम्मी-अब्बांनी आणलेली प्रत मात्र आपल्या वळणाची होती. तो छापखाना हिंदुस्तान-पाकिस्तानकडच्या वाचकांसाठी त्यांच्या सवयीच्या वळणातही कुरआन छापतो. अल्लाहचं कलाम छापणाऱ्यांनाही जर वाचणाऱ्याच्या डोळ्यांची सवय पाहावीशी वाटते, तर आपण टॅब देताना अम्मीच्या बोटांची सवय का पाहू नये?

आपल्यासाठी काय सोयीचं हे दुसऱ्याने ठरवणं म्हणजे काय, याचा अनुभव मराठी मुसलमानाला तर पुष्कळ आहे. नाव ऐकून शाळेत आणि सरकारी कागदावर आपली मातृभाषा परस्पर उर्दू लिहिली जाते. घरात दखनी, दारात मराठी, नमाजात अरबी, असा आपला संसार असतो. लिहिणारा विचारतच नाही, घरात काय बोलता? त्याचा हेतू वाईट नसतो. त्याने फक्त आपल्या मनातलं चित्र आपल्याला भेट दिलेलं असतं. ते परत कसं करायचं, हा पेच आपल्यालाच पडतो.

आपल्या दीनात देण्याचे प्रकार वेगळे केले आहेत. जकात आणि सदका गरज पाहून दिला जातो. हदिया माणूस पाहून दिला जातो. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम स्वतःसाठी सदका घेत नसत, हदिया मात्र स्वीकारत. 2020 मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा मोहल्ल्यातल्या पोरांना जो मिळेल तो फोन, जो मिळेल तो टॅब दिला गेला. कंपनी कुणी विचारली नाही, विचारायची ती वेळही नव्हती. पण आईला जकात देता येत नाही. तिला आपण देतो तो हक्क किंवा हदिया. मग त्यात तिची ओळख दिसायला हवी. देणाऱ्याची ऐपत त्यात नाही दिसली तरी चालेल.

याचा अर्थ अँड्रॉइडच बरा असा कुणी घेऊ नये. मुन्नाचा तो जुना आयफोन पुढे पुण्याच्या भाचीला मिळाला. कॉलेजची मुलगी, बोटं पाण्यासारखी वाहणारी. वर्षभरात तिची सगळी टिपणं, फोटो त्या फोनवर जमले. तिच्यासाठी टॅब घ्यायची वेळ आली तेव्हा मीच म्हटलं, हिला आयपॅड घ्या. तिच्या हाताची ती भाषा झाली आहे. फोनच्या घराण्यावरून टॅब ठरवायचा हा नियम दोघींनाही लागू पडला, उत्तरं मात्र वेगळी निघाली. आणखी एक गोष्ट पाहावी. अडलं की धावून येणारं माणूस कोणता फोन वापरतं? अम्मीच्या घरी ते माणूस मी आहे आणि माझाही फोन अँड्रॉइडचा. भेट देणारा हजार कोसांवर असतो. "ये बंद कैसा हुआ गे?" हे ऐकायला शेजारच्या गल्लीतलंच कुणी असावं लागतं.

शेवटी आम्ही अकरा इंची अँड्रॉइडचा टॅब घेतला. दोन गोष्टींवर जास्त पैसे घातले. एक, मजबूत उभं राहणारं कव्हर, कारण अर्ध्या किलोचं वजन थरथरत्या हाताने धरवत नाही. दुसरी, जरा वरच्या प्रतीचा टॅब, म्हणजे मुन्नाची टिकण्याबद्दलची काळजी वाया जाऊ नये. अक्षर मोठं केलं. तळाशी तीच तीन चिन्हं लावून घेतली, कारण पुष्कळ नव्या टॅबमध्येही आता बोट सरकवण्याचीच पद्धत आधी लावून दिलेली असते आणि तीर सेटिंगमध्ये जाऊन मागावा लागतो. कुरआनच्या अ‍ॅपमध्ये आपल्याकडचं वळण निवडलं. व्हॉट्सअ‍ॅप फोनला जोडलं. फोन जिथे होता तिथेच, तिच्या उशाशी ठेवला.

अम्मीने टॅब पाहिला. आधी तळाशी बोट नेलं, तीर आहे याची खात्री केली, मग "बिस्मिल्लाह" म्हणून सुरू केला. संध्याकाळी मुन्नाचा कॉल आला. फोनवर त्याचं नुसतं कपाळ आणि नाक दिसायचं. टॅबवर खांद्यापर्यंत दिसला. अम्मी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "कित्ता सुक्या रे तू." तो हसला. मग म्हणाला, "अम्मी, पैले बी ऐसाच था. तुमकू दिसता नै था."