ठेच्यातला पोर्तुगीज

तोरणा करायचा तर पहाटे सहालाच कात्रज ओलांडलेलं बरं. सातारा रोडने नसरापूर फाटा, तिथून आत वळलात की तासाभरात वेल्हे. गाडी नसेल तर स्वारगेटहून एसटी आहेच. तालुक्याला ‘राजगड’ नाव द्यायला २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. गाव मात्र वेल्हेच.

यावेळी ट्रेकला एक कारण होतं. आयटीतला माझा एक मित्र नोकरी सोडून बाणेरला हॉटेल टाकतोय. कन्सेप्ट : ‘अस्सल शिवकालीन थाळी’. पीएफसकट सगळी बचत त्यात. मेन्यूचा रिसर्च कुठे करायचा, तर तोरण्याच्या पायथ्याशी!

गड एकदम झकास. १४०३ मीटर, म्हणजे पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला; कोठी दरवाज्यापर्यंत आपले डेस्क-जॉबवाले गुडघे बोलायला लागतात. १६४६ च्या सुमारास, जेमतेम सोळाव्या वर्षी शिवाजी महाराजांनी तो घेतला. झुंजार माचीवर वारा खात आम्ही राजगड बघत बसलो आणि दोन वाजता खाली एका मावशींच्या ओट्यावर कोसळलो. पिठलं, तांदळाची भाकरी, शेंगदाणे घातलेला ठेचा, बटाट्याचा रस्सा.

मित्राने मोबाइल काढून फोटो मारले. ‘‘बघ, हेच खात असणार मावळे!’’

मला राहवलं नाही. अरे राजा, मिरची, शेंगदाणा, बटाटा हे तिघंही अमेरिकेचे. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोचला, १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला, १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतला, आणि मग ही मंडळी जहाजातून इकडे आली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आलं. त्याच मिऱ्यासाठी तर गामा एवढा समुद्र तुडवत आला!

मित्राचा चेहरा पडला. त्याच्या बचतीचा प्रश्न होता, म्हणून मग प्रत्येक पदार्थाची चौकशी झाली. मिरची सोळाव्या शतकातच गोव्याच्या किनाऱ्याला लागली होती, तोरण्याच्या आधी. म्हणजे ती पास. शेंगदाण्याची शेती आपल्याकडे जोरात वाढली ती एकोणिसाव्या शतकात, नापास. बटाटा नावाने पोर्तुगीज, पण घरोघरी पोचला इंग्रजी अमदानीत. नापास. ‘‘आणि तुझा पगार?’’ मी म्हटलं. ‘‘शब्द पोर्तुगीजच आहे.’’ ‘‘तो मी सोडलाय,’’ तो म्हणाला.

गंमत बाजूला ठेवू. समोर दिसणाऱ्या राजगडावर राजधानी असतानाच हे टोपीकर अंगावर येत होते. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफा-दारूगोळ्याची मदत केली. महाराजांनी १६६१ मध्ये ती वखार लुटली, हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याच्या साथीदारांना दोनेक वर्षं कैदेत ठेवलं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर साफ बजावलंय, की टोपीकरांना इतर सावकारांसारखे समजू नका, किनाऱ्यालगत पक्क्या वखारी बांधू देऊ नका. ते लिहिल्याला शंभरएक वर्षं होतात न होतात तोच, १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. भोर संस्थान तेवढं इंग्रजांच्या छत्राखाली १९४८ पर्यंत टिकलं. रोपं आली त्याच वाटेने वखारी आल्या; रोपं आपण पोटात घातली, वखारींनी आपल्याला.

मित्र बराच वेळ गप्प होता. ताटातला बटाटा मात्र त्याने संपवला. मग वहीत काहीतरी खोडून म्हणाला, ‘‘मावशी, मिरचीऐवजी मिरी घालून पिठलं करता येईल? मी पाच किलो मसाला ऑर्डर देतो.’’

मावशी हसल्याच. ‘‘मिरी? भाव ठावं हाय का बाबा तुला?’’