नेट गेलं, की घड्याळ गेलं?



आमचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे आणि दुकानाचा हिशेब घरात मी बघते. माजघरातल्या टेबलावर जुना डेस्कटॉप आहे, त्यावर विक्री-खरेदीची नोंद होते, आणि दर महिन्याच्या 20 तारखेच्या आत जीएसटीचं 3बी विवरण भरायचं असतं. उशीर झाला तर दिवसाला 50 रुपये दंड. रक्कम मोठी नाही, पण आमच्याकडे दंड म्हणजे नामुष्की. सासरे गल्ल्यावर बसायचे तेव्हापासून कुणाचं देणं एक दिवस थकलेलं नाही.

गेल्या वर्षीच्या जुलैतली गोष्ट. पावसानं झोडपलं होतं. 17 तारखेला सकाळी कॉम्प्युटर लावला तर एकही साइट उघडेना. मोबाइलवर वायफाय छान चालतंय, कॉम्प्युटरवर मात्र पांढरा पडदा आणि त्यावर इंग्रजीत काहीतरी. मी ते बंद केलं, पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. मग आपण सगळ्याच करतो ते केलं: भिंतीवरचा डबा बंद केला, मिनिटभर थांबले, चालू केला. त्या डब्यावरचे दिवे मला वाचता येतात बरं का. मागे दिवाळीच्या आवराआवरीत मी कपाट भिंतीला सरकवलं आणि नेट गेलं होतं, तेव्हा शिकले. ती बारीक वायर तांब्याची नसते, आत काचेचा तंतू असतो आणि त्यातून प्रकाश जातो. तिला घडी पडली की प्रकाश अडतो आणि ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल लुकलुकतो. तेव्हा कपाट चार बोटं पुढे ओढल्यावर काम झालं होतं. या वेळी लाल दिवा नव्हता. ‘पॉन’चा हिरवा दिवा शांतपणे जळत होता. म्हणजे बाहेरून घरापर्यंत सगळं ठीक.

18 तारखेला लाइनवाला मुलगा आला. त्यानं स्वतःचा लॅपटॉप लावून दाखवला, नेट धावत होतं. “काकू, लाइन चांगली आहे. तुमचा पीसी म्हातारा झालाय, नवीन घ्या,” म्हणाला आणि गेला. त्याचं पहिलं वाक्य खरं होतं. दुसऱ्यानं माझ्या पोटात गोळा आला. चौदा-पंधरा हजारांचा खर्च, आणि 20 तारीख परवावर!

19 तारखेला चिरंजीवांना पुण्याला फोन लावला. त्यानं मला एक काळी खिडकी उघडायला लावली आणि ‘पिंग’ लिहून पुढे 192.168.1.1 हा आकडा टाकायला सांगितला. हा आपल्या घरातल्या डब्याचा पत्ता, तुमच्याकडे वेगळा असू शकतो. चार ओळींचं उत्तर आलं. मग 8.8.8.8 टाकलं, हे बाहेरचं दार. तिथूनही चार उत्तरं. तो गप्प झाला. “आई, तुझं नेट चालू आहे गं.” मी चिडून म्हटलं, “चालू आहे तर उघडत का नाही?” त्याची मीटिंग होती, रात्री बोलतो म्हणाला. मी मोबाइल वायरने कॉम्प्युटरला जोडून मोबाइलचं नेट दिलं. तोच पांढरा पडदा. म्हणजे दोन वेगळ्या वाटांनी नेट आणलं तरी अडचण तीच. खरं तर तिथेच कळायला हवं होतं, की दोष वाटेत नाही, घरात आहे.

पण तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आणि नेमक्या त्या वेळी सासूबाई फडकं घेऊन टेबल पुसायला आल्या. मला आठवलं, रोज रात्री त्या टेबलाजवळ काहीतरी करतात. मी फाडकन बोलले, “आई, तुम्ही कशाला हात लावता त्याला? तुमच्यामुळेच काहीतरी झालं असणार.”

त्या काही बोलल्या नाहीत. फडकं घडी करून ठेवलं आणि आत गेल्या.

चातुर्मासात सासूबाई सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाहीत. त्या संध्याकाळी साडेसहाला मी पान वाढलं तर म्हणाल्या, “आज भूक नाही.” मी दोनदा बोलावलं. सातच्या पुढे दिवस मावळला आणि तो विषयच संपला. 78 वर्षांची बाई, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उपाशी, आणि तेही व्रत म्हणून नाही, माझ्या तोंडामुळे. क्षमावाणीला आपण साऱ्या गावाला क्षमा मागत फिरतो. घरातल्या माणसाच्या खोलीचं दार ढकलायला मला त्या रात्री जमलं नाही.

नऊला मुलाचा फोन आला. “आई, त्या पांढऱ्या पानावर काय लिहिलंय?”

“काहीतरी इंग्रजी.”

“वाच. अक्षर न अक्षर वाच.”

तीन दिवसांत पहिल्यांदा मी ते वाचलं. तुमचं घड्याळ मागे आहे, असं स्वच्छ लिहिलं होतं! खाली उजव्या कोपऱ्यात पाहिलं तर तारीख 1 जानेवारी 2012. कॉम्प्युटरच्या हिशेबाने जीएसटी जन्मालाच आला नव्हता, तो आला 1 जुलै 2017 ला. विवरण कसलं भरणार?

आता घड्याळाचा आणि साइटचा काय संबंध? मुलानं सांगितलं ते मी आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगते. आपण पिठाची मर्यादा पाळतो ना, पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7. तशी प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक ओळखपत्र असतं आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. कॉम्प्युटर आपलं कॅलेंडर बघून ते तपासतो. कॅलेंडरच 2012 चं असेल तर त्याला वाटतं, हे ओळखपत्र अजून सुरूच झालेलं नाही. मग तो दार लावून घेतो. पिंगला असलं ओळखपत्र लागत नाही, म्हणून तिथे उत्तर येत होतं. मोबाइलची तारीख नेटवर्कवरून लागते, म्हणून तो ठणठणीत.

अशा इशाऱ्याच्या काही पानांवर ‘तरीही पुढे जा’ अशी वाट असते, आणि शेजारच्या दुकानातल्या मुलानं मला तेच दाबायला सांगितलं होतं. बँकेच्या किंवा कराच्या साइटवर ते कधीही दाबू नका. कुणी मध्ये बसून फसवत असेल तरी याच प्रकारचा इशारा येतो.

तारीख हातानं नीट केली आणि साइट पहिल्या फटक्यात उघडली. विवरण रात्री साडेदहाला भरून टाकलं, 20 तारखेला सगळा देश तिथे गर्दी करतो म्हणून. पण तारीख गेली कशी? कॉम्प्युटरच्या आत बटणासारखा एक सेल असतो, सीआर 2032. व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2, म्हणून तो आकडा. वीज नसताना घड्याळ तोच चालवतो. आमचा कधीच मेला होता, पण भिंतीवरचं बटण कायम चालू असल्यानं कळलं नव्हतं. तीन दिवस सुरुवातीला काळ्या पडद्यावर ‘एफ 1 दाबा’ येत होतं, तेही मी न वाचता दाबत होते.

आणि बटण? विजा कडाडायला लागल्यापासून सासूबाई झोपताना ते बंद करत होत्या. सासरे पावसाळ्यात तसंच करायचे. बरोबरच होतं त्यांचं.

सकाळी देवदर्शनाहून त्या आल्यावर मी आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. मग म्हटलं, “आई, चूक माझी होती. कॉम्प्युटर 2012 मध्ये जाऊन बसला होता.” त्या जरा थांबल्या. “2012? तेव्हा हे दुकानात बसायचे,” म्हणाल्या, आणि तांब्या घेतला.

दुपारी चाळीस रुपयांचा सेल आणला. प्लग काढला, कॉम्प्युटरचं बटण एकदा दाबून आत उरलेली वीज जाऊ दिली, स्क्रू काढून बाजूचा पत्रा उघडला. आत जाळं आणि एक बारका कोळी. सासूबाईंनी त्याला कागदावर घेऊन तुळशीच्या कुंडीपाशी सोडलं, मगच मला कुंचला लावू दिला. सेलजवळची छोटी पट्टी नखानं बाजूला केली की सेल उडी मारून वर येतो. नवा बसवताना अधिक चिन्ह वर. मग सुरुवातीच्या सेटिंगमध्ये जाऊन तारीख लावली, जतन केली.

रात्री भांडी आवरून आले तर सासूबाई टेबलापाशी उभ्या होत्या, हात बटणावर.

“बंद करू ना गं?”

“करा, आई.”