व्हिग पक्षाचा अस्त

अमेरिकेतील यादवी युद्ध शिकविताना मुले लढायांची नावे पटापट सांगतात. माझे मन मात्र त्याआधीच मावळलेल्या व्हिग पक्षापाशी रेंगाळते.

त्यात उत्तरेचे गिरणीमालक होते, तसेच दक्षिणेचे कापूसवाले जमीनदारही. बँका, जकात, कालवे यांवर त्यांचे जुळे. गुलामगिरीचा विषय निघाला की पुढारी मूग गिळून बसत. त्या मौनाला मुत्सद्देगिरी म्हणावयास माझे मन धजत नाही. १८५२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पक्षाला अवघी चार राज्ये मिळाली. १८५४ साली डग्लस यांच्या कान्सास-नेब्रास्का कायद्याने १८२० ची सीमारेषा पुसली आणि गुलामगिरीचा प्रश्न तेथील वसाहतवाल्यांच्या मतांवर सोपविला. (गुलामांचे मत विचारतो कोण!) उत्तरेचे व्हिग कायद्याविरुद्ध उभे राहिले, दक्षिणेचे बहुतेक बाजूने, पक्ष दुभंगला. गुलामगिरीच्या प्रसाराचे विरोधक नव्या रिपब्लिकन पक्षात एकवटले. जुने व्हिग लिंकनही त्यांत आले.

१८६० मध्ये चार्ल्स्टनच्या अधिवेशनात डेमोक्रॅटही फुटले. लिंकन सुमारे ४० टक्के मतांवर निवडून आले. दक्षिणेतील बहुतेक राज्यांत त्यांच्या नावाची मतपत्रिकाच नव्हती. पुढच्या एप्रिलात सम्टर किल्ल्यावर तोफा धडाडल्या.