काही घडत नसतानाची धावपळ

प्रोग्रॅम नुसता उघडा आहे, कोणी टाइप करत नाही, काही डाउनलोड होत नाही, तरी लॅपटॉपचा पंखा घरघरू लागतो. अशा वेळी पहिला संशय पोलिंगवर घ्यावा. काही घडले का, हे प्रोग्रॅमने स्वतःच पुन्हा पुन्हा तपासत राहणे म्हणजे पोलिंग. कडी वाजली की उठायचे सोडून दर मिनिटाला दार उघडून बघण्यातलाच हा प्रकार.

मध्ये न थांबता फिरणारी लूप लवकर सापडते. आठ लॉजिकल प्रोसेसरच्या विंडोज यंत्रावर टास्क मॅनेजर १२-१३ टक्के दाखवतो आणि बघणाऱ्याला ते किरकोळ वाटते. प्रत्यक्षात आठांपैकी एक अख्खा प्रोसेसर अडकलेला असतो. आकडा तिथेच खिळून राहिला, तर निदान बहुतेक झालेच.

लबाड प्रकार वेगळा. लूपमध्ये १० मिलिसेकंदांची विश्रांती घातली की टक्केवारी शून्याला टेकते आणि प्रोग्रॅमर निश्चिंत होतो. प्रोसेसर मात्र सेकंदाला सुमारे शंभरदा जागा होतो, वीज वाचवणाऱ्या गाढ अवस्थेत फार वेळ राहूच शकत नाही आणि बॅटरी उतरत जाते. म्हणून टक्केवारीपेक्षा जागे होण्याची संख्या मोजणे महत्त्वाचे. लिनक्सच्या जगात हे २००७ साली ठळकपणे पुढे आले. तोवर कर्नलचा स्वतःचाच टाइमर सेकंदाला शेकडो वेळा वाजत असे आणि त्या गोंगाटात प्रोग्रॅमची चुळबुळ खपून जाई. २.६.२१ या आवृत्तीपासून रिकाम्या वेळी तो टाइमर थांबू लागला. त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्या पॉवरटॉपने, कोणता प्रोग्रॅम किती वेळा प्रोसेसरला उठवतो, याची यादीच समोर ठेवली.

नाव कळले की कारण शोधायचे. विंडोजवर प्रोसेस एक्सप्लोररमध्ये थ्रेडनिहाय खर्च आणि त्या थ्रेडचा स्टॅक बघता येतो. लिनक्सवर चालू प्रोग्रॅमला एसट्रेस (प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टीमला काय काय विचारतो ते दाखवणारे साधन) जोडला, की चोरी पडद्यावरच दिसते: पोल, मुदत दहा मिलिसेकंद, उत्तर शून्य, पुन्हा पोल, पुन्हा शून्य. कधी एकाच फाइलची बदलाची वेळ सतत विचारलेली आढळते, आणि फाइल तर सकाळपासून बदललेलीच नसते.

मुदत दहावरून पाचशेवर नेणे ही मलमपट्टी झाली. खर्च घटतो, पण प्रतिसाद मंदावतो. फाइलवर लक्ष ठेवायला लिनक्समध्ये २००५ पासून आयनोटिफाय आहे, विंडोजमध्येही तशी सोय आहे. प्रोग्रॅमने झोपावे आणि उठवण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीमवर सोपवावे, हाच खरा उपाय.

तरीही पोलिंग सरसकट त्याज्य नाही. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये दुसऱ्या यंत्राने केलेला बदल आयनोटिफायला कळत नाही. तिथे विचारत राहणे भागच असते. मग मुदत सेकंदांत ठेवावी आणि इतर टाइमरच्या जोडीने उठावे, म्हणजे एका जागरणात अनेक कामे उरकतात. मॅकओएसमध्ये २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून टाइमरची अशी मोट ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःच बांधते.