तीस डाल्टनांची तूट

जळगावच्या माणसाला वजनाचे मोल समजावून सांगावे लागत नाही. दहा ग्रॅम सोन्यात एकोणीस मिलिग्रॅमची तूट आली, तर सराफाचा चांगला काटा ती लगेच दाखवितो. जवळजवळ याच प्रमाणातील तूट सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल, शिरपूर भागांतील काही भिल्ल व पावरा कुटुंबांच्या रक्तात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिचे नाव सिकलसेल.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचे वजन सुमारे १५,८६७ डाल्टन असते. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसले की ते ३० डाल्टनांनी घटते. हा बदल व्हर्नन इनग्रम यांनी १९५७ मध्ये उलगडला. आज मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचा काटा, ही तूट थेट तोलतो.

मात्र वजनावरून प्रथिनाची घडण कळत नाही. त्यासाठीची एक युक्ती रसायनशास्त्र शिकविताना मला फार आवडे. दोन्ही टोकांना पकड असलेले, ठरावीक लांबीचे रसायन प्रथिनात सोडायचे. ते जवळजवळचे दोन लायसिन एकमेकांना बांधते. मग ट्रिप्सिनने, आपल्या पोटात अन्न पचविणाऱ्या त्याच विकराने, तुकडे करून तोलायचे. जोडीने आलेले तुकडे मूळ घडीत शेजारी होते, हे उघड होते. (बायॉप्सीचा नमुना फॉर्मेलिनमध्ये ठेवतात तेव्हाही प्रथिने अशीच बांधली जातात, फक्त बेशिस्तपणे.)

सिकलसेलमध्ये सारा घोळ या शेजाराचाच आहे. प्राणवायू सोडताच हे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोर वळतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. आरोग्यकेंद्रातील विद्राव्यता चाचणीत नळीतले द्रावण गढूळ होते, तेही याच चिकटण्यामुळे. परंतु ती व्यक्ती रुग्ण आहे की केवळ वाहक, हे गढूळपणा सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते.

धुळ्यातील माझ्या एका विद्यार्थिनीचे लग्न ‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दावर मोडले. ती वाहक होती, निरोगी होती. मुलाचे रक्त कोणी तपासलेच नव्हते. दोघेही वाहक असतील, तरच प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. तेव्हा दुसरी तपासणी आग्रहाने मागा, आणि दोघांचीही मागा. सहा महिन्यांखालील बाळासाठी मात्र विद्राव्यता चाचणीवर विसंबू नका. त्या वयात ती फसवू शकते.