मार्शलची गोष्ट मी आता पूर्ण सांगतो

अ‍ॅसिडिटीसाठी माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांनी ही गोष्ट माझ्या तोंडून ऐकली असेल. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल नावाच्या तरुण डॉक्टरने सांगितलं की अल्सर तिखटाने किंवा टेन्शनने नाही, जंतूंमुळे होतो. सगळे त्याला हसले. मग १९८४ मध्ये त्याने ते जंतू स्वतःच पिऊन टाकले, आजारी पडला आणि २००५ मध्ये त्याला नोबेल मिळालं. ही गोष्ट सांगितली की पेशंट अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करतात, म्हणून मी ती सांगत राहिलो.

दोन वर्षांपूर्वी एका पेशंटने तीच मला परत ऐकवली. पोटदुखीसाठी कुणाकडून तरी आणलेली बिननावाची पावडर ते घेत होते. तिच्यात काय आहे ते ठाऊक नसताना घेऊ नका, असं मी म्हटल्यावर ते हसून म्हणाले, "डॉक्टर, मार्शललाही आधी सगळे हसलेच होते ना? तुम्हीच तर सांगितलंत." मला उत्तर सुचलं नाही. दीड महिन्याने त्यांना डांबरासारखी काळी शी होऊ लागली, चक्कर येऊन पडले, रक्त चढवावं लागलं. वाचले. पावडरीत वेदनाशामक मिसळलेलं असावं असा माझा संशय आहे, पण पुडी तोवर फेकून दिली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान या विषयावरच्या एका परिषदेला जाऊन बसलो. खरं सांगायचं तर निम्मं डोक्यावरून गेलं. 'कारण' या एका शब्दावर तासभर भांडता येतं, हे मला नवीन होतं. पण एक सत्र नेमकं अल्सरवर होतं, आणि मी सांगतो ती गोष्ट किती अर्धवट आहे ते तिथे कळलं.

मुळात ते जंतू मार्शलना नाही, पर्थमधल्या रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टना १९७९ मध्ये दिसले. त्याआधी १९५४ मध्ये एका अमेरिकन डॉक्टरांनी हजाराहून जास्त रुग्णांच्या जठराचे तुकडे तपासून जठरात जंतू राहत नाहीत असा निष्कर्ष काढला होता. त्यांनी वापरलेल्या नेहमीच्या रंगात हे जंतू नीट उठून दिसत नाहीत. वॉरननी चांदीचा रंग वापरला. म्हणजे लोकांनी आधी विश्वास ठेवला नाही तो निव्वळ हट्टाने नव्हे. त्यांच्याकडे पुरावा होता, फक्त तो चुकीचा निघाला.

आणि ते जंतू प्यायल्यावर मार्शलना अल्सर झालाच नाही! जठराला सूज आली, इतकंच. मी इतकी वर्षं हे वाक्य गाळत होतो. खरा निकाल लागला तो पुढच्या कंटाळवाण्या वर्षांत. जंतू मारले तर अल्सर परत येतो का, हे रुग्णांचे गट पाडून पाहिलं गेलं. कुणाला कोणतं औषध दिलंय ते रुग्णाला माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. मार्शल आणि वॉरन यांची अशी एक चाचणी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. जंतू गेलेल्यांपैकी बहुतेकांचा अल्सर परतला नाही. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने अँटिबायोटिकची शिफारस केली. माझ्या गोष्टीत ही दहा वर्षं 'हसण्या'ची होती. प्रत्यक्षात त्यातला बराच काळ तपासण्यात गेला.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते ग्रीसच्या जॉन लिकूडिस यांनी. हे साधे प्रॅक्टिस करणारे डॉक्टर १९५८ पासून अल्सरला अँटिबायोटिक देत होते. १९६८ मध्ये त्यांना दंड झाला. ते बरोबर होते! पण त्यांच्याजवळ मोजून दाखवलेला पुरावा नव्हता, आणि बाहेरच्या माणसाला ते आणि पावडरवाला यांत फरक कसा करायचा? याचं समाधानकारक उत्तर मला आजही सापडलेलं नाही. ज्यांना ते औषध मिळालं नाही त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच.

'कारण' या शब्दावरचं भांडणही आता मला पटतं. हा जंतू जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या पोटात राहत आलाय आणि त्यातल्या बहुतेकांना अल्सर कधीच होत नाही. उलट जंतू नसलेल्या माणसाला गुडघेदुखीच्या गोळ्यांनी होऊ शकतो. म्हणून तुम्ही पोटदुखी घेऊन आलात की मी गोळ्यांची पिशवी मागतो, चूर्ण-पावडरींसकट. लपवू नका, मी ओरडत नाही.

जंतूची श्वासाची किंवा शौचाची तपासणी सांगितली, तर अ‍ॅसिड कमी करणाऱ्या गोळ्या आधी दोन आठवडे बंद लागतात, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट 'नाही' येऊ शकतो. बंद करण्याआधी मात्र मला विचारा. कोर्स संपल्यावर निदान चार आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, कारण दुखणं थांबलं म्हणजे जंतू गेला असं नाही. शी काळी झाली तर, लोहाच्या गोळ्या चालू असल्या तरीही, त्याच दिवशी या. ती गोळ्यांमुळे आहे की रक्तामुळे, ते आपण तपासून ठरवू.